चौथा खडा

ठकूच्या बाबांना तिच्याकडे परदेशात येऊन आठवडा झाला होता. जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला, नकाशावर छडी आपटून पोरांना जग फिरवलं, आणि स्वतः विमानात बसले ते एकाहत्तराव्या वर्षी. ठकूची चाळिशी उलटली होती, पण बाबांसाठी ती ठकूच. रजा काढून ती त्यांना हौसेनं फिरवत होती. पूल झाला, संग्रहालय झालं, नदीकाठची बाग झाली. बाबा सगळीकडे "वा, वा" म्हणत. फक्त दर वेळी ते जरा बाजूला सरकत, मागच्या कुणाला नीट दिसावं तसे. बाकावर बसले की टोकाला बसत. ठकूनं ते मनावर घेतलं नाही. वय झालं की माणूस थोडं तिरपागडं व्हायचंच.

तिच्या मनात भलतंच घोळत होतं. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि ठकूला तेव्हा घरी जाता आलं नव्हतं. निदान ती लोकांना तसं सांगायची. खरं म्हणजे ती गेली नव्हती. ठकू परक्या देशात कवळ्या बनवायची. माप घेण्यापासून दात बसवण्यापर्यंत सगळं तिच्या हातचं. त्यामुळे स्वतःचे दात पडले तेव्हा आईनं गल्लीभर जाहीर करून टाकलं, "बसवीन तर लेकीच्या हातची कवळी. दुसऱ्या कुणाचा हात तोंडात नको." ठकू फोनवर म्हणायची, "पुढच्या सुट्टीत येते, माप घेते." अशा चार सुट्ट्या गेल्या. आई मऊ भात गिळत राहिली आणि तशीच बोळक्या तोंडानं गेली. ती आपल्यावर रागावली होती का, एवढंच ठकूला विचारायचं होतं. रोज सकाळी ती ठरवायची आणि रोज संध्याकाळी शेपूट घालायची.

रविवारी बाबा म्हणाले, "आज तुझं काम दाखव."

"आज लॅब बंद असते, बाबा."

"किल्ली आहे ना तुझ्याकडे? मग झालं तर."

बसमध्ये बाबांनी खिशातून रुमाल ओढला आणि त्याच्याबरोबर एक खडा टपकन खाली पडला. समोर बसलेल्या ठकूनं तो उचलला. तिच्याच इमारतीखालच्या कुंडीतला होता.

"हे काय हो?"

"दे इकडं!" बाबांनी तो घाईघाईनं परत घेतला. "हरवला असता म्हणजे पंचाईत."

घरात माणसं तीनच, त्यामुळे हा खड्याचा रिवाज तिला लहानपणापासून पाठ होता. तिघांनी मिळून कामाला निघायचं नाही, निघालंच तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घ्यायचा. तिच्या दहावीच्या निकालालासुद्धा आईनं पर्समध्ये खडा टाकला होता.

"बाबा, आपण दोघंच तर आहोत."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. "तिला यायचं होतं गं. घरी एकटीला कशी सोडणार?"

बस भरलेली होती, चारसहा माणसं दांडीला लटकून उभी होती, आणि बाबांच्या शेजारची जागा रिकामी होती. शेवटच्या थांब्यापर्यंत तिथं कुणी बसलं नाही.

लॅबमध्ये पांढरेफेक साचे रांगेनं मांडलेले होते, प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. बाबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी दिव्याखालचं स्टूल ओढलं, रुमालानं पुसलं आणि दोन पावलं मागं झाले.

"घे माप."

"काहीतरीच काय, बाबा!"

"त्याचसाठी आलो आम्ही. मला काय पूल बघायचे होते?"

शहाण्या लेकीनं त्यांना हाताला धरून घरी न्यायला हवं होतं. ठकू शहाणी होती, पण गुन्हेगारही होती. तिनं गुलाबी पावडर पाण्यात कालवली, मापाच्या ट्रेमध्ये भरली आणि बसलेल्या आईचं तोंड जिथं आलं असतं तिथं तो ट्रे धरला.

"आई, आ कर."

माप घट्ट व्हायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत तिचा हात थरथरला नाही. ट्रे जागच्या जागी राहिला, पलीकडून कुणी हिरडीनं दाबून धरावा तसा. तिनं तो सोडवला तेव्हा घाम तिच्या कानामागून ओघळत होता.

बाबांनी वाकून पाहिलं. "सपाट आलंय. येणारच. दात होते कुठं तिला?"

दात नसले तरी हिरडीचा चर उमटतो, हे ठकूला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. इथं काही म्हणजे काही उमटलं नव्हतं. ते तिनं बाबांना सांगितलं नाही.

"बाबा, रागावली होती का हो ती माझ्यावर?"

"मला काय विचारतेस? समोर बसलीय की."

ठकूनं स्टुलाकडे पाहिलं. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची तेच तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पुढच्या आठवड्यात देते करून."

बाबांनी स्टुलाच्या बाजूला कान केला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"काय म्हणाली?"

"विचारतेय, नक्की ना?"

ठकूला रडू कोसळलं. वर्षभर न आलेलं सगळं एकदमच आलं. तसंच नाक ओढत तिनं कोट काढून खुंटीला टांगला, बाह्या वर सारल्या आणि प्लास्टरचं पोतं पुढं ओढलं.

"उठू नकोस गं," ती स्टुलाला म्हणाली. "आजच करते."