लाल लघवीचा साक्षात्कार

"आमच्या यांना परवा लालभडक झाली हो!"

"नशीबवान आहात. आमच्याकडे नुसती गुलाबी."

झऱ्याचं पाणी देणाऱ्या झराबाबांच्या रांगेत लोक लघवीचा रंग असा सांगत होते, जसे मुलांचे परीक्षेतले मार्क. कॅन्सरच्या रोग्यानं बाबांचं पाणी रोज प्यायचं. मग एके दिवशी रोग लाल होऊन बाहेर! दोन दिवसांनी लघवी स्वच्छ झाली की रोग संपला, दवाखाना बंद. डॉक्टर बिचारे उगाच इतकी वर्षं पुस्तकं घोकतात.

माझ्या ताईच्या स्तनात गाठ होती. केमोच्या चारपैकी दोन डोस झाले होते, तिसरा उद्या. आणि भाऊजी म्हणत होते, "आता गरज नाही. रोग निघाला. मी या डोळ्यांनी पाहिलं."

मी कापड रंगवणारा माणूस. पाण्याला रंग चढला की तो कुठून आला हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून मीही त्या दोघांबरोबर रांगेत घुसलो.

बाबांनी डोळे मिटून आमच्या पुढच्या मास्तरांना विचारलं, "सलाईनमधून लाल औषध देतात?"

"नाही, पाण्यासारखं असतं."

"श्रद्धा कच्ची आहे. पुढच्या वर्षी या."

मग ताईला तोच प्रश्न. "लाल," ताई म्हणाली.

"वा! योग उत्तम आहे!"

घ्या! श्रद्धा पक्की की कच्ची, ते म्हणे सलाईनच्या रंगावरून कळतं. मला राहवेना. "ताई, हे पाणी तू रोज पितेस. लाल कधी होते?"

"डोस घेतला की. तो दिवस आणि दुसरा."

"आणि मधले दिवस?"

"तेव्हा रोग झोपलेला असतो," बाबा घाईघाईनं म्हणाले. "आणा, बाटली भरून देतो."

भाऊजींनी बाटलीच्या तोंडातलं कागदाचं बूच काढलं. मी ते उलगडलं. दवाखान्यानं पहिल्याच दिवशी दिलेला माहितीचा कागद! मी ताईच्या हातात दिला. ती मोठ्यानं वाचू लागली.

"औषध डॉक्सोरुबिसिन, रंग लाल. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी मारतं. केसांच्या मुळांनाही त्याचा मार बसतो, म्हणून केस गळतात. बहुधा परत येतात. मळमळ होते, तोंड येतं. हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्याची तपासणी करतात. एक-दोन दिवस लघवी लाल होते; तो औषधाचाच रंग, घाबरू नये."

रांग मोडून लोक ताईभोवती जमले. बाबा ओरडले, "कागदावर भरवसा ठेवता? अरे, अनुभव बघा!"

ताईनं शेवटची ओळ वाचली. "ताप आल्यास एक क्षणही न थांबता दवाखान्यात यावं. जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो." तिनं भाऊजींकडे पाहिलं. "अहो, गेल्या डोसानंतर मला ताप आला होता. रात्रभर तुम्ही मला हेच पाणी पाजलंत. आणि हा कागद बाटलीच्या तोंडात होता!"

भाऊजींनी बाटली खाली ठेवली. "वाचलीस गं," ते म्हणाले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

दुसऱ्या दिवशी ताईनं तिसरा डोस घेतला. संध्याकाळी लघवी लाल झाली, आणि घरात कोणी हात जोडले नाहीत. भाऊजी थर्मामीटर शोधत होते.

मंडळी, औषध काय करतं आणि काय बिघडवतं, ते दवाखान्यात विचारा. लाज वाटली तरी दोनदा विचारा. आणि त्यांनी दिलेल्या कागदाचं बूच करू नका, तो वाचा.