बायजाकाकीची बरणी

रोपं लावायची आवणी चार दिवसांवर आली आणि बायजाकाकीच्या शेतात भाताआधी चिखलाचं पीक आलं. नालासोपाऱ्याकडून इमारती सरकत सरकत गावाच्या डोक्यावर आल्या होत्या. त्यांच्या भरावाखाली पाण्याची मोरीच गाडली गेली, आणि पाणी गाळासकट काकीच्या शेतात मुक्कामाला आलं. पंचनाम्याला आलेल्या तलाठी भाऊसाहेबांनी ‘भराव’ लिहिलं तर बिल्डरला मोरी उघडावी लागणार. ‘खाडी’ लिहिलं तर काकीनं देवाला बोल लावून यंदा रिकाम्या हाती बसायचं.

बिल्डरचा माणूस प्रितेश, काकीचाच चुलतपुतण्या. कमरेला पेजर लागल्यापासून त्याला नाती ओळखू येईनाशी झाली होती.

“भाऊसाहेब, गाळ खाडीचा. भरतीला येतो. निसर्गापुढे कुनाचं चालतं?”

काकीनं शेतातलं पाणी काचेच्या बरणीत भरलं. “खाऱ्या पान्यात गाळ पटकन बसतो. गोड्या पान्यात दिसभर तरंगतो, बिनकामाच्या पावन्यासारका. तासाभरात निवळलं तं खाडीचं, मी अंगठा देते. नाय तं याच्या मालकाच्या भरावाचं.”

चहा होणार असं कळल्यावर तलाठी भाऊसाहेबांचा या शास्त्रावर विश्वास बसला. ते ओट्यावर टेकले.

अर्धा तास झाला, पाणी तांबडंच. काकी चहा आणायला आत गेली. मांदेली खारवायला काढलेलं जाडं मीठ ओट्यावरच होतं. प्रितेशनं मूठभर बरणीत सोडलं आणि बरणी दोनदा हलवली. भाऊसाहेब तेव्हा आभाळ बघत होते. सरकारी नजर, तिला लांबचं आधी दिसतं.

चहा संपेतो पाणी निवळलं.

“काकी, आन अंगठा,” प्रितेश म्हणाला.

काकीनं बरणी उचलून बुडाकडून पाहिली. “भाऊसाहेब, जड ते आदी बुडतं ना?”

“हो.”

“मंग गाळाच्या खाली हे काय?”

तांबड्या गाळाखाली मिठाचे पाचसहा खडे चकाकत होते.

“जल्म गेला माजा खाडीकाठी,” काकी म्हणाली. “पन खाडी मिठागरातनं खडे आनून पान्यात घालते, हे आज कळलं.”

प्रितेश पेजर न्याहाळू लागला. मेला वाजेचना.

“बरनीला झाकन लावते नि तहशीलीत नेते.”

“कशाला त्रास, काकी?” भाऊसाहेब लगबगीनं उठले. “मोरी होईल मोकळी.”

“सोमवारी आवनी हाय.”

रविवारी पोकलेन आलं, मोरी उघडली. पंचनाम्यात भाऊसाहेबांनी लिहिलं: ‘सदर मोरी नैसर्गिकरीत्या बंद झाली होती, ती नैसर्गिकरीत्याच उघडल्याचे आढळले.’

कुणीतरी तो काकीला वाचून दाखवला. ती गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होती. मान वर न करता म्हणाली, “लिवू दे. भाताला वाचता येत नाय.”