फिद्दाबाईंची गुपचूप गाडी

मित्रांनो, मी एक पंधरा वर्षांची म्हातारी मोटार आहे. हसू नका. माणसांत पंधराव्या वर्षी मिसरूड फुटतं, आमच्यात मात्र गुडघे धरतात. त्यातून मी हायब्रिड जातीची. म्हणजे पुढे पेट्रोलचं इंजिन आणि मागच्या बाकाला लागून मोठी बॅटरी, असा माझा दुहेरी संसार आहे. कधी एक ओढतं, कधी दुसरं, आणि चढ आला की दोघं मिळून जोर लावतात.

माझा जन्म जपानातल्या कारखान्यात झाला. पहिली काही वर्षं मी अमेरिकेत एका संगीतशिक्षिकेकडे होते. बाईंनी मला फार जपलं. पण एकदा मागून एक ट्रक येऊन आदळला, माझी पाठ चेपली, आणि मला लिलावात उभं केलं गेलं. तिथून जहाजाने अकाबा बंदर, आणि बंदरावरून जॉर्डनच्या झर्का शहरातला गाड्यांचा बाजार. तिथे मला ठोकून सरळ केलं, पांढरा रंग दिला आणि उन्हात उभी केली. गिऱ्हाईकं यायची, उकिडवी बसून माझा सांगाडा तपासायची, घोड्याचे दात बघावेत तशी. मला जीभ काढून दाखव म्हणून कुणी सांगितलं नाही, एवढंच काय ते बाकी होतं.

मला घेतलं ते मिफ्लिह नावाच्या निवृत्त सैनिकाने. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्यांना अबू हातिम, म्हणजे हातिमचे वडील, म्हणतात. बावीस वर्षं त्यांनी सैन्यातले ट्रक हाकले होते. निवृत्तीचा पैसा हातात आला तेव्हा त्यांनी मला घेऊन अजलूनच्या डोंगरातल्या आपल्या गावी आणलं. त्यांचा धाकटा भाऊ स्वेलिम याच्याकडे डिझेलवर धडधडणारी जुनी पिकअप होती. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि नाक मुरडलं.

"दोन यंत्रं म्हणजे दोन दुखणी, दादा," तो म्हणाला. "एवढ्या पैशात बकऱ्यांचा कळप आला असता. आणि बकरी बिघडली तर खाता तरी येते."

पण आमच्याकडे दर महिन्याच्या शेवटी पेट्रोलचा नवा भाव जाहीर होतो, आणि त्या दिवशी अबू हातिम मला हटकून धुवायचे. भाव चढला असेल तर दोनदा. अशी माझी सुखाची दोन वर्षं गेली.

मग फिद्दाबाई आजारी पडल्या. अबू हातिम यांच्या त्या पत्नी. बारीक अंगाच्या, कामाला चपळ, बोलायला कमी. त्यांची मूत्रपिंडं थकली. शनिवारी, सोमवारी आणि बुधवारी इर्बिद शहराच्या दवाखान्यात जाऊन चार तास यंत्राला जोडून घ्यायचं, त्याशिवाय गत्यंतर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी परतताना फिद्दाबाईंनी माझ्यातच नवऱ्याकडून वचन घेतलं.

"गावात कुणाला सांगायचं नाही, अबू हातिम. कुणालाच नाही."

तुम्हाला वाटेल, यात लपवण्यासारखं काय? पण आमच्या गावची रीत तुम्हाला ठाऊक नाही. कुणी आजारी पडलं की घरटी माणूस भेटायला येतो. येताना फळं आणतो, आणि कॉफी घेतल्याशिवाय त्याला जाऊ देता येत नाही. पूर्वी फिद्दाबाईंच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तीन दिवसांत साठ बायका येऊन गेल्या. प्रत्येकीसाठी टाके सांभाळत उठायचं, गालाला गाल लावायचा, किटली चढवायची. चौथ्या दिवशी टाका उसवला. आणि आता तर दुखणं आठवड्याचं नव्हतं, जन्माचं होतं. शिवाय त्यांना कुणाच्या डोळ्यांत आपल्यासाठी कीव बघायची नव्हती. ते त्यांना टाके उसवण्यापेक्षा जास्त दुखलं असतं.

तेव्हापासून माझी खरी नोकरी सुरू झाली. पहाटेची नमाज आटोपून जरा उजाडलं की दोघं येऊन बसायचे. माझ्यात एक बटण आहे. ते दाबलं की इंजिन निजून राहतं आणि मी नुसत्या विजेवर निघते. पुढे सगळी गल्ली उताराची. गावात जिचा शब्द चालतो त्या म्हाताऱ्या हज्जी नोफा यांच्या दारावरून, गावच्या भाकरीच्या भट्टीवरून, स्वेलिमच्या घरावरून मी अशी सटकायचे की कुत्रंसुद्धा मान वर करायचं नाही. गल्लीत चिटपाखरू नसायचं. माझी छाती अशी फुगायची म्हणून सांगू! मनात म्हणायचे, स्वेलिम, तुझ्या पिकअपला जमेल का रे हे? पेट्रोल वाचवायला म्हणून मला घेतलं होतं, पण मी वाचवत होते फिद्दाबाईंची झाकली मूठ.

लोकांनी विचारलं तर सांगायचं ठरलं होतं: इर्बिदला लेकीकडे जातो, तिचं बाळ लहान आहे. ते बाळ हळूहळू चालायला लागलं, बोलायला लागलं, तरी आजीची आठवड्यातून तीनदा जायची घाई काही संपेना. दोन वर्षांत कुणी या गोष्टीवरून टोकलं नाही, आणि याचं मला जराही नवल वाटलं नाही. गाड्यांना अक्कल बेतानेच असते.

परतताना फिद्दाबाई थंडीने कुडकुडायच्या. यंत्रावरून उठलं की त्यांचं अंग गार पडायचं, अगदी जूनमध्येही. म्हणून अबू हातिम यांनी माझ्या मागच्या बाकावर मेंढीचं जाडजूड लोकरीचं कातडं अंथरलं. त्यांच्या आईच्या हातचं होतं ते. बाकाच्या कडेपर्यंत नीट खोचून घेतलं, वर उशी ठेवली, बाजूला घडी घातलेली घोंगडी रचली. फिद्दाबाई त्यात शिरून बसल्या की गाव येईपर्यंत त्यांना गाढ झोप लागायची. अबू हातिम पुढच्या आरशात त्यांच्याकडे बघत अगदी सावकाश हाकायचे. एवढी माया मी कुठल्याच घरात पाहिली नव्हती.

पण मित्रांनो, त्या बाकाच्या कडेलाच माझी एक जाळी आहे. तिच्यातून माझी बॅटरी श्वास घेते. लोकरीने ती जाळी बंद झाली. जो थोडा वारा आत यायचा, तो लोकरीचे तंतू घेऊन यायचा. मी तापत होते, गुदमरत होते, आणि सांगायला मला तोंड नव्हतं. समोरच्या पट्टीवर एक दिवा अधूनमधून लुकलुकायचा. अबू हातिम त्यावर फडकं फिरवायचे.

जूनमधल्या एका बुधवारी मी हात टेकले. गल्ली उतरून झाली, ओढा ओलांडला, आणि पलीकडच्या चढाला लागताच लाल त्रिकोण पेटला. माझ्यातलं सगळं बळ सरलं आणि मी मधेच उभी राहिले. अबू हातिम यांनी तीनदा किल्ली फिरवली, म्हणजे बटण दाबलं. त्यांची अजून किल्लीची सवय जात नाही. काही उपयोग झाला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फिद्दाबाईंचे पाय सुजलेले होते, श्वास लागत होता. बुधवार चुकला म्हणजे सोमवारपासून थेट शनिवार. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की एकही पाळी चुकवू नका, जिवाशी खेळ होईल. त्या आडवाटेला इतक्या सकाळी भाड्याची गाडी मिळणं शक्य नव्हतं. अबू हातिम यांनी फोन काढला.

"स्वेलिमला नको," फिद्दाबाई म्हणाल्या. "त्याच्या कानावर गेलं की दुपारपर्यंत अख्खं गाव माझ्या दारात. मी शनिवारपर्यंत काढीन. चला घरी."

"नाही काढणार तू," अबू हातिम म्हणाले. "मी तुझं सगळं ऐकलं, फिद्दा. एवढं ऐकणार नाही."

त्यांनी फोन केला. गाडी बंद पडली, ये, इतकंच म्हणाले. पाच मिनिटांत पिकअपची धडधड ऐकू आली. स्वेलिम झोपेतून उठून आल्यासारखा दिसत नव्हता. अंगात धुतलेला सदरा होता, आणि पुढच्या बाकावर उशी आणि शाल मांडून ठेवलेली होती. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागचं दार उघडलं आणि हात पुढे केला.

"चला वहिनी. सातला यंत्र लागतं ना? उशीर होईल."

फिद्दाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. अबू हातिम यांच्या हातातला फोन तसाच राहिला.

मग स्वेलिमच बोलला, मान खाली घालून. पहिल्याच महिन्यात कळलं होतं, म्हणाला. दवाखान्यातली परिचारिका आपल्याच गावची सून आहे. तिने हज्जी नोफांना सांगितलं. गावातल्या बायका त्याच दिवशी फळं घेऊन निघाल्या होत्या, तेव्हा हज्जी भट्टीपाशी वाटेत उभ्या राहिल्या.

"त्या म्हणाल्या, पोर लपवतेय ना, मग आपण शोधायचं नाही. आपण गेलो तर ती उठून आपल्याला कॉफी करत बसेल. जी जाईल तिचा माझा संबंध संपला." स्वेलिमने डोळे पुसले. "आठवड्यातल्या त्या तीन दिवशी तुमची गाडी जाईपर्यंत भट्टी पेटत नाही, वहिनी. कुत्रं मी रात्रीच परड्यात बांधतो. आणि त्या पहाटे गजर लावून तयार राहतो. म्हटलं, ही दोन यंत्रांची बया कधीतरी दगा देणार."

ऐकलंत, मित्रांनो? दोन वर्षं मी मिजाशीत होते की माझी चाहूल कुणाला लागत नाही. अख्खा गाव दारं लोटून, पोरांना गप्प करून, माझी चाहूल घेत उभा होता.

फिद्दाबाई चढावरच रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. स्वेलिमने त्यांना फार वेळ रडू दिलं नाही. सातला पोचायचं होतं.

फिद्दाबाईंना दवाखान्यात सोडून दोघे भाऊ परत आले आणि त्यांनी मला दोर लावून इर्बिदला उस्ताद जिर्यिस यांच्या गॅरेजात नेलं. हायब्रिड गाड्यांच्या दुखण्यांत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी माझं मागचं बाक काढलं, पंखा उघडला आणि मूठभर लोकर बाहेर ओढली. अबू हातिम ती हातात घेऊन उभे राहिले. "मीच अंथरलं होतं," ते म्हणाले. "तिला थंडी वाजते म्हणून."

"पांघरूण बायकोवर घाला, अबू हातिम," जिर्यिस हळूच म्हणाले. "बॅटरीवर नको."

माझ्या बॅटरीचे अठ्ठावीस कप्पे आहेत. त्यांतले पाच मेले होते, बाकीचेही दमले होते. जिर्यिसांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मेलेले तेवढे बदलले तर वर्षभर ढकलगाडी चालेल. सगळी बॅटरी नवी घातली, तर इतक्या वर्षांत पेट्रोलमध्ये जे वाचलं ते जवळपास सगळं इथे जाईल. परवडलं का म्हणून विचाराल, तर हिशेब बरोबरीत सुटला, असं ते म्हणाले.

स्वेलिमला तेवढंच हवं होतं. विकून टाक, तो भावाला म्हणाला. आता लपायचं कारण उरलं नाही, मग ही मुकी गाडी कशाला? वहिनींना मी नेईन आणि आणीन. मी ऐकत होते. माझी चाकं काढून ठेवली होती, पोट उघडं होतं, आणि तो म्हणत होता ते सगळं मला पटत होतं. आता माझा काय उपयोग होता?

यंत्रावरून उठून फिद्दाबाई तशाच गॅरेजात आल्या होत्या. शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या होत्या, ओठ पांढरे पडलेले. त्या म्हणाल्या, "तुझे उपकार फेडता यायचे नाहीत, स्वेलिम. पण सकाळी तुझ्या पिकअपमध्ये माझी हाडं मोजून झाली. मला त्या गाडीत झोप लागते रे. आठवड्यातून तीनच झोपा लागतात मला, त्या तिच्यात लागतात."

अबू हातिम जिर्यिसांना म्हणाले, "नवी घाला."

मित्रांनो, माझी किंमत लोकांनी पुष्कळदा केली. लिलावात केली, झर्क्याच्या बाजारात केली, स्वेलिमने बकऱ्यांत केली. पण फिद्दाबाईंनी केली तशी कुणी केली नव्हती. मला डोळे असते तर मी तिथेच रडले असते.

शनिवारी आम्ही पुन्हा निघालो. नवी बॅटरी, साफ पंखा, मोकळी जाळी. फिद्दाबाई घोंगडी मांडीवर घेऊन बसल्या. अबू हातिम यांनी सवयीने बटण दाबलं आणि मी आवाज न करता गल्लीत उतरले. दारं लोटलेली होती, भट्टी थंड होती. हज्जी नोफा यांच्या दारापाशी आलो तेव्हा फिद्दाबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबवा. आणि भोंगा वाजवा."

"आत्ता? लोक जागे होतील."

"जागेच आहेत सगळे," फिद्दाबाई म्हणाल्या. "वाजवा."

अबू हातिम यांनी भोंगा वाजवला. एकदा, मग लांबलचक दुसऱ्यांदा. हज्जींचं दार उघडलं. मग पलीकडचं, मग समोरचं. बायका डोक्यावरचे रुमाल सावरत बाहेर आल्या, आणि कुणाला पुढे यायचं धाडस होईना. शेवटी हज्जी नोफा काठी टेकत आल्या आणि खिडकीतून त्यांनी फिद्दाबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग हज्जी मागे सरल्या आणि बायकांवर खेकसल्या, बघता काय, वाट सोडा, तिला सातला पोचायचंय.

तुमच्याकडे माझ्यासारखी गाडी असेल, तर मागच्या बाकाच्या कडेची जाळी एकदा बघून घ्या. तिथे पिशव्या, पांघरुणं कोंबू नका, आणि दिवा लुकलुकला तर त्यावर फडकं फिरवू नका, कुणाला तरी दाखवा. आम्हाला बोलता येत नाही. माणसांना येतं, पण तीही पुष्कळदा बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याकडेही लक्ष असू द्या. बाकी माझं बरं चाललंय. आता आम्ही निघालो की भट्टी पेटलेली असते, आणि कुणीतरी धावत येऊन फिद्दाबाईंच्या मांडीवर गरम भाकरी ठेवतं.