गार पाणी नको

मित्रांनो, मी एक जुनी चहाची किटली आहे. जुनी म्हटलं म्हणून म्हातारी समजू नका. मी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची आहे, अंगानं ठणठणीत. मला उचलायला दोन हात लागतात, पण एकदा चहा पोटात घेतला की घरातलं शेवटचं माणूस येईपर्यंत तो गरम ठेवते.

माझी आजी, म्हणजे जुन्या काळची बिडाची किटली, आतून बाहेरून नुसतं लोखंड होती. ती दिवसभर विस्तवावर बसून पाणी उकळायची. पण जरा ओली राहिली की तिला गंज चढे. पुढे कारागिरांनी युक्ती काढली. काचेची बारीक पूड पाण्यात कालवून लोखंडाला आतून लावायची आणि भट्टीत भाजायची. पूड वितळून लोखंडाला घट्ट धरते आणि गुळगुळीत मुलामा तयार होतो. त्यालाच एनॅमल म्हणतात. त्यामुळे माझ्या पोटात चहा मुरवता येऊ लागला, पण विस्तव मात्र सुटला, कारण थेट आचेवर काचेचा मुलामा तडकू शकतो. माझा तोंडवळा आजीचा असला तरी प्रकृती वेगळी आहे.

वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. तिथून मी मुलाम्याच्या खोलीत गेले. तिथे कामाला असलेल्या एका मुलीनं ते पातळ मिश्रण माझ्या पोटात फिरवलं आणि उरलेलं ओतून टाकलं. तेवढ्यात काठाखाली आतल्या बाजूला तिचं बोट टेकलं.

मुकादम म्हणाला, "ठसा उमटलाय बघ. परत लाव."

"राहू द्या," ती म्हणाली. "ही मीच घेणार आहे, ताईसाठी."

भट्टीत तो ठसा पक्का झाला आणि मी ताईंच्या घरी आले. ताईंचे यजमान बसचे ड्रायव्हर होते. दर आठवड्याला धाकटी बहीण चहाला यायची. पुढे एका आजारात ती गेली. तिच्या हातचं असं ताईंकडे एक मीच उरले.

ताईंचा नेम ठरलेला. चहा झाला की गरम पाण्यानं विसळायचं. साबण नाही, तारेची घासणी तर नाहीच. मऊ फडक्यानं कोरडं करायचं आणि झाकण काढून ठेवायचं. शेवटी काठाखालच्या ठशावर स्वतःचं बोट क्षणभर टेकवायचं. त्यात इतक्या वर्षांत एका दिवसाचाही खंड पडला नाही. पण हे सगळं त्या मुकाट्यानं करत, त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही.

मग घरात सून आली. गुणाची पोर. तिच्या माहेरी माझ्या आजीसारखी साध्या लोखंडाची किटली होती. एका सकाळी ताई गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. सुनेनं मला धुतलं, आणि गंज चढू नये म्हणून वाळवायला गॅसवर ठेवून ती भाजी चिरायला बसली. रिकाम्या पोटी मी तापत गेले. मित्रांनो, भट्टीनंतर असा ताप मी पाहिला नव्हता.

तापल्या लोखंडाचा वास गच्चीपर्यंत गेला. ताई धावत आल्या. त्यांनी गॅस बंद केला आणि गार पाण्याचा तांब्या उचलला. आतला मुलामा तडकला असता तर माझ्यात पुन्हा चहा झाला नसता, आणि बहिणीचा ठसाही गेला असता.

"थांब. पाणी ओतू नकोस," दारातून ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"तुम्हाला स्वयंपाकघरातलं काय कळतं?"

"काही नाही. पण बिडाचं कळतं. बसचं इंजिन बिडाचंच होतं. तापल्यावर गार पाणी ओतलं की तडकलंच. ठेव तो तांब्या खाली. ती निवेपर्यंत तिला हात लावायचा नाही, आणि कुणी कुणाला बोलायचंही नाही."

तासभर ओट्याच्या एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला सून. ताईंच्या ओठांवर शब्द येत होते, त्या ते गिळत होत्या. सून बाहीनं डोळे पुसत होती. मी हळूहळू निवत होते, आणि निवणारी मी एकटीच नव्हते.

शेवटी ताईंनी विजेरी लावून माझ्या पोटात पाहिलं, सगळीकडे बोट फिरवलं. बुडाचा रंग बाहेरून भाजून तपकिरी झाला होता. आतला मुलामा अखंड होता.

"माहेरी कशी वाळवायचात गं?" ताईंनी विचारलं.

"विस्तवावरच, आई. नाहीतर गंज चढतो."

"म्हणजे तू जपायलाच गेलीस. किटली वेगळी निघाली, एवढंच. आणि ते सांगायचं मीच विसरले." मग त्यांनी सुनेचं बोट धरून काठाखालच्या ठशात ठेवलं. "ही माझी धाकटी. हिची ओळख करून द्यायची राहिली होती."

सुनेनं तो ठसा हलकेच चाचपला. तिचं बोट बराच वेळ तिथेच होतं.

"तीस वर्षांत तुमची बस पहिल्यांदा घराच्या कामी आली," ताई यजमानांना म्हणाल्या. "बसा, चहा करते."

"मी करते, आई," सून म्हणाली. तिनं पाणी वेगळ्या भांड्यात उकळायला ठेवलं.

मित्रांनो, बुडाचा डाग मी आजही मिरवते. माझ्यासारखी किटली तुमच्या घरी असेल तर तिला विस्तवापासून दूर ठेवा आणि पुसून कोरडी करा. ती कशी जपायची हे घरातल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा. आणि तापलेल्यावर घाईनं गार पाणी ओतू नका. थोडं थांबा. त्या दिवशी ताई थांबल्या, म्हणून मी आज हे सांगायला आहे.