काँगो जुळत नाही

आमच्या कारखान्यात पृथ्वी दोन वाट्यांत बनते. वरची वाटी दादा करतो, खालची माझा धाकटा भाऊ बंड्या. पुठ्ठ्याच्या वाटीवर ते नकाशाच्या कागदाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि मी त्या दोन वाट्या विषुववृत्तावर जोडते. भावंडांत मी मधली, त्यामुळे हे काम मला कोणी दिलं नाही, आपसूक गळ्यात पडलं.

दोन वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण विचाराल तर खिडकीजवळचं टेबल कोणाचं! आता दादा पुढच्या खोलीत बसतो, बंड्या मागच्या खोलीत, आणि निरोप नेऊन नेऊन माझ्या चपला झिजतात.

यावेळी एका शाळेसाठी कवेत मावणार नाही एवढा मोठा गोल करायचा होता. परवा न्यायला गाडी येणार होती. मी वाट्या एकमेकींवर ठेवल्या आणि कपाळाला हात लावला. काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. दक्षिणेतून वर जाते, मोठा वळसा घेते, पुन्हा खाली उतरते. एका जागी तिला जुळवावं, तर दुसऱ्या जागी बोटभर सुटायची. पलीकडे ॲमेझॉनच्या मुखाचीही तीच गत. लहान गोलांवर हा फरक जोडपट्टीखाली झाकून जायचा, इथे झाकायची सोय नव्हती.

दोष कुठे आहे ते मला ठाऊक होतं. खळीत कागद जितका भिजतो तितका फुगतो. दादा पाकळी बुडवून निवांत बसतो, बंड्या बुचकळली की काढतो. दोघं एका पातेल्यावर काम करायचे तेव्हा नद्या मुकाट जुळायच्या. खरं सांगते, मला आनंदच झाला. म्हटलं, आता तरी बोलतील. दोघांनाही हाताला धरून माझ्या खोलीत आणलं.

“कागद किती वेळ भिजवायचा ते दोघं मिळून ठरवा,” मी म्हणाले.

“त्याला सांग, कागद आहे तो, तापलेला तवा नाही,” दादा म्हणाला. “हात लावला की काढतोय.”

बंड्या त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. “ताई, त्याला म्हणावं, आपण नकाशा लावतो. धुणं भिजत घालत नाही.”

“अरे, तो समोर उभा आहे ना! मग मला काय सांगतोस?”

 मग दादाला कुठलासा फोन करायचा होता आणि बंड्याला चहा आठवला.

मी एवढी चिडले की रडूच फुटलं. गेले खड्ड्यात! शिल्लक राहिलेला छापील संच काढला, कोऱ्या वाट्या घेतल्या, एकाच पातेल्यात सगळ्या पाकळ्या सारख्या भिजवल्या आणि वरखाली दोन्हीकडे मीच चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर जोडून पाहिलं. काँगो दोन्ही ठिकाणी जुळली, ॲमेझॉनही.

दादाने वाकून जोडाची सगळी रेघ तपासली. “झकास! अगं, मग यापुढे दोन्ही वाट्या तूच करत जा. मी छपाईचं बघतो, त्याला रंग बघू दे. कटकटच नको.”

बंड्या तरी भांडेल, या आशेने मी मागच्या खोलीत गेले.

“दादा म्हणाला असं?” त्याने विचारलं.

“हो.”

“बरोबर बोलला. त्याला सांग, माझी काही हरकत नाही.”

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं. निरोप घेऊन मी निघाले आणि दारातच पाय अडखळले. त्या एका नदीपायी आज ना उद्या त्यांना एकमेकांशी बोलावं लागलं असतं. ती मीच जुळवून बसले होते.