दुसरा ॲक्सल आणि एकतीस तारीख

साहेब, ही बोट तुम्ही सडवलीत. स्पष्टच लिहितो, मला आडून बोलता येत नाही. सव्वा टनाची शिडाची बोट, बुडाला जड कणा, आणि तुम्ही ती पाठवलीत एका ॲक्सलच्या गाड्यावर. दोन चाकांवर! घोडेगावात शिरतानाच ॲक्सल वाकला. तुमच्या माणसानं बोट माझ्या शेडशेजारी चिंचेखाली टेकवली, "दोन दिवसांत नेतो" म्हणाला आणि गेला. त्याला तीन वर्षं झाली. माझ्या कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, पिल्लं काढली. तुमच्यातलं कुणी फिरकलं नाही.

मग या मार्चमध्ये तुमच्या खात्याचा कागद आला. एकतीस तारखेपर्यंत बोट डिंभे धरणाच्या पाण्यात उतरली नाही तर भंगारात लिलाव. वाहतुकीची व्यवस्था प्रशिक्षण केंद्रानं स्वतः करावी.

केंद्र म्हणजे कोण? एकटी आरती. पाण्यापलीकडच्या डोंगरातली, जानकूबाबांची लेक. पुण्यात शिडाची बोट शिकली, शर्यती जिंकली, आणि इथल्या पोरींना शिकवायला नोकरी सोडून परत आली. तो कागद घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली.

"सयाजीभाऊ, आठ दिवस हायेत. व्हईल का?"

"अगं, तीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या बनवतोय. धा टन वढत्यात. ही बोट म्हंजे माझ्यापुढं टोपली."

"मंग तीन वर्षं काय केलं?"

"कुणी इचारलं व्हतं का?"

ती हसली नाही. म्हणाली, "आता मी इचारतीया."

त्याच दुपारी काम काढलं. बोट चेन-पुलीनं उचलून ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांवर निजवली. वाकलेला ॲक्सल फेकला आणि एका मापाचे दोन नवे आणले. नुसतं दुसरं चाक जोडून भागत नाही, साहेब. पुढच्या-मागच्या चाकांच्या स्प्रिंगपाट्यांच्या मध्ये तराजूसारखी हलणारी दांडी लागते. एक चाक धोंड्यावर चढलं की ती दांडी भार दुसऱ्या चाकावरही टाकते. नाहीतर खड्ड्यात एकच चाक सगळं ओझं झेलतं आणि तुमच्या गाड्यासारखं मोडून बसतं. सगळं बोल्टांवर बसवलं. चार चाकं, चार नवे टायर. पाचव्या दिवशी गाडा उभा राहिला आणि मी मिशीला पीळ दिला.

आणि तिथंच माती खाल्ली.

बोट चढवली आणि आमच्या गावातल्या सुनीलच्या बोलेरो पिकअपला गाडा लावला. शिनोलीच्या अलीकडच्या चढाला सुनीलनं वळण घ्यायला स्टेअरिंग फिरवलं, आणि गाडी सरळच गेली. गटाराच्या काठावर थांबली. मी धावत पुढं गेलो. पिकअपचं मागचं बूड खाली बसलेलं, पुढची चाकं जेमतेम टेकलेली.

"सयाजीभाऊ," सुनील खिडकीतून म्हणाला, "बोट पाण्यात न्यायची का आभाळात? तसं सांगा, मी पट्टा बांधतो."

जानकूबाबा मागं बसून आले होते. खाली उतरले, गाड्याभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "ह्यो हुक उचल बघू."

गाडा सोडवला. मी गाड्याच्या पुढच्या टोकाचा हुक उचलायला गेलो, हलला नाही. सुनील आला, आरती आली, रस्त्यावरचे दोघं आले. पाच जणांनी कसाबसा उचलला.

"आमी भाताचं भारं कावडीवर आणतो," म्हातारा म्हणाला. "फुडचं टोक मानंवर बसलं तर मी चालंन कसा, राव? त्या गाडीची मान मोडाया लागलीया."

तीस वर्षांची सवय नडली होती. उसाच्या ट्रॉलीचा ॲक्सल आम्ही मुद्दाम मागं ठेवतो, म्हणजे हुकावर वजन येतं आणि चिखलात ट्रॅक्टरची मागची चाकं धरून राहतात. ट्रॅक्टरला ते लागतं, पिकअपला झेपत नाही. मी शिडाची बोट उसासारखी लादली होती. चूक माझी. कबूल करायला मला समिती नेमावी लागली नाही.

गोगलगाईच्या चालीनं बोट परत आणली. गाड्याच्या लोखंडी चॅनलला नवी भोकं पाडली, दोन्ही ॲक्सल दीड फूट पुढं घेतले. दोन दिवस गेले त्यात. मग हुक मी एकट्यानं, दोन्ही हातांनी उचलला. जानकूबाबांनी नुसती मान हलवली.

एकतीस तारीख. सकाळी नऊला आम्ही काठावर. पाणी उतरलेलं, धक्का कोरडा, पुढं चाळीस पावलं गाळ. एका ॲक्सलचा गाडा तिथं गळ्यापर्यंत रुतला असता. आम्ही फळ्या टाकल्या, पिकअप उलटी घेतली. चार चाकांनी भार वाटून घेतला, गाळ दबला, पण गाडा गेला. चाकं बुडाली तशी बोट आपोआप तरंगली. आरतीनं शीड वर ओढलं. वारा आला, आणि बोटबाई निघाली. जानकूबाबांनी टोपी काढून झटकली. डोळे कशानं भरले ते मी त्यांना विचारलं नाही.

पाहणीला या म्हणून तुम्हाला नऊपासून पाच फोन केले. "साहेब साइटवर आहेत." आम्हीही साइटवरच होतो. तारीख-वेळ-ठिकाण छापलेले अकरा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. निळ्या टिका आल्या. तुम्ही पाहिलेत.

आणि चार एप्रिलला तुमचं पत्र: मुदतीत पाहणी न झाल्यानं बोट पाण्यात उतरली असं मानता येत नाही, सबब लिलाव. वर मलाच विचारणा, गाड्यात विनापरवाना बदल का केला?

केला, कारण व्यवस्था करा असं तुम्हीच लिहिलंत. पाहणीला यायचं तुमच्याकडं होतं, तुम्ही आला नाहीत. आरती रोज सकाळी सहा पोरींना घेऊन त्याच बोटीत पाण्यावर असते. गाडा माझ्या दारात उभा आहे, कधीही या, हुक उचलून बघा.

आता एवढंच लिहा: लिलाव रद्द केलात का नाही? हो किंवा नाही. खाली तुमचं नाव आणि सही. कधी देताय उत्तर?