चक्कीची मूठ

आंबागडच्या किल्ल्याखाली, बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर सुगतची पिठाची चक्की होती, आणि त्या चक्कीत जो शिरे तो पांढरा होऊनच बाहेर येई. भिंती पांढऱ्या, कोळ्यांची जाळी पांढरी, विजेचा मीटर पांढरा, आणि सुगत तर असा पांढराफटक की नवा माणूस दारातच दचके. त्याची पोरगी रुचिता लहान होती तेव्हा तिला वाटायचं, बाबांचे केस पिकलेलेच आहेत. एकदा लग्नाला जायचं म्हणून सुगतने डोकं धुतलं, तर हे कोण काळ्या केसांचे आले म्हणून तिने भोकाड पसरलं होतं. ही गोष्ट घरात अजून निघते आणि रुचिता अजून लाजते.

चक्की मूळची सुगतच्या वडिलांची, परसरामची. त्यांची एक रीत होती. डबा चक्कीच्या तोंडात ओतायच्या आधी त्यातून एक मूठ दाणे काढायचे, "ही चक्कीची" असं गिऱ्हाइकासमोर म्हणायचं, आणि बाजूच्या लाकडी पेटीत टाकायचे. गहू, तांदूळ, लाखोळीची डाळ, जे असेल ते. पेटी भरली की ते मिसळलेलं धान्य कोंबड्या पाळणारा एक जण तुमसरहून येऊन घेऊन जाई. "दळणावळीचे पैसे विजेचे, मूठ आपली," असं परसराम म्हणत. त्या मुठीतूनच गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लागे, पट्टा बदले, आणि रुचिताची फी भरली जाई.

मुठीचं कोणी वाईट मानत नव्हतं, टेकचंद येईपर्यंत. टेकचंदने शाळेच्या वळणावर नवीकोरी चक्की टाकली. फरशी बसवलेली, पंखा लावलेला, आणि मूठबीठ काही नाही. दिवाळीपर्यंत सुगतच्या ओट्यावरची डब्यांची रांग इतकी आखडली की दुपारी तो चक्की बंद करून पेपर वाचत बसू लागला. त्याच्यासाठी हे भयंकर होतं. सुगतला पेपर आवडत नसे.

अशात तुमसरला छोट्या धंदेवाल्यांचं शिबिर लागलं. रुचिता तिथेच अकरावी कॉमर्सला होती. ती वडिलांना ओढतच घेऊन गेली. शिकवायला नागपूरहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना विचारलं, "तुमचा धंदा कशासाठी आहे?"

"पीठ दळासाठी," सुगत म्हणाला. सगळे हसले. सुगतही हसला.

बाई म्हणाल्या, धंद्याचं एक मिशन स्टेटमेंट असतं. एका वाक्यात सांगायचं, आपण कोणाला काय देतो आणि त्यातून आपल्याला काय राहतं. "नफा लिहायला लाजू नका," असंही त्या म्हणाल्या. "नफा नसेल तर धंदा दुसऱ्या कशावर तरी जगतो."

रुचिताने हे सगळं ऐकलं. पण ऐकणं आणि कानात ठेवणं यात फरक असतो. घरी येऊन ती निळा रंग आणि ब्रश घेऊन स्टुलावर चढली आणि चक्कीच्या बाहेरच्या भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

जेवढं आणाल तेवढं न्याल. एक दाणाही कमी नाही.

"नफ्याचं काही नाही लिहिलं वो तू," तिची आई सरिता खालून म्हणाली. सरिता अंगणवाडी सेविका, चुका काढायचा तिला सरावच.

"भिंतीवर नफा बरा दिसते का, आई? लोकं म्हणतील हावरट हायेत."

"आन मूठ?"

"मूठ बंद."

सुगतने वाक्य दोनदा वाचलं. चक्कीत दहा किलो टाकले की दहा किलो कधीच निघत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत. काही उडतं, काही दगडाला चिकटतं. शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे. जेवढं कमी येईल तेवढं आपल्या पोत्यातून भरून देऊ. लोकं तर येतील." आणि त्याने स्वतःच्या घरच्या पिठाचं एक पोतं काट्याशेजारी आणून ठेवलं.

लोक आले. पहिली आली जनाबाई, मागच्या गल्लीतली म्हातारी, जिची जीभ गावात सगळ्यात लांब. तिने डबा काट्यावर ठेवला आणि काट्यासमोरच ठाण मांडलं. "मी हालत नाही गा सुगतभाऊ. पायतेच तुमची इमानदारी."

गहू दळून झाले. रुचिताने पिठाचा डबा काट्यावर ठेवला. काटा डुलला आणि गव्हाच्या वेळी होता त्याच ठिकाणी येऊन थांबला. पोत्याला हात लावायची गरजच पडली नाही.

"अरे वा," जनाबाई म्हणाली. "काटा बिघडवून ठेवला का?"

काटा बिघडला नव्हता. पुढचा डबा तसाच, त्याच्या पुढचाही. जेवढं आत तेवढं बाहेर. सुगतने दोनदा काटा झटकून पाहिला, मग खांदे उडवले. "बरंच हाय ना. आपल्या घरचं काही जात नाही."

होळीपर्यंत रांग रस्त्यावर गेली. टेकचंदचा पंखा रिकाम्या खोलीला वारा घालू लागला. रुचिता कॉलेजच्या बसमध्ये मैत्रिणींना सांगायची, माझ्या एका वाक्याने धंदा उभा राहिला, आणि मैत्रिणी म्हणायच्या, हो बाई, तूच आमची अंबानीण.

तरी एक गोष्ट तिच्या डोळ्यांना खुपत होती. चक्की स्वच्छ झाली होती. आधी महिन्यातून एकदा जाळी झाडावी लागे, आता जाळ्यांवर पिठाचा कणही बसत नव्हता. मीटर काळा चकचकीत. आणि बाबा दिवसभर दळून संध्याकाळी घरी येत ते काळ्या केसांनी, जसे सकाळी गेले तसेच.

"उडणारं पीठ कुठं जाते, बाबा?"

"डब्यात जाते. अजून कुठं जाईल?"

दगडांना टाकीही लागली नाही. दर दोन महिन्यांनी दगड गुळगुळीत होत, माणूस बोलवावा लागे. यंदा दगड झिजायचं नावच घेईनात. सुगतने बोट फिरवून पाहिलं तर चटकन कापलं. रक्त दगडावर पडलं आणि तो पुसायला फडकं आणेपर्यंत दगड कोरडा झाला होता.

मग एका दुपारी लोडशेडिंग झालं. जनाबाईचा डबा अर्धा दळून झाला होता. मोटार गप्प झाली, दिवा गेला. रुचिता नेहमीप्रमाणे डब्यावर झाकण ठेवायला वाकली, आणि तिला पीठ पडायचा आवाज आला. सळसळ. ती उठली. मोटार थांबलेली. पट्टा थांबलेला, तिने हात लावून पाहिला. आणि आत दगड फिरत होते, हळू नाही, घाईने नाही, जेवणाऱ्या माणसासारखे. शेवटचा दाणा दळून झाला तेव्हा थांबले.

"गती असते त्याच्यात," सुगत म्हणाला. पण तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा श्वास असा लागला होता, जणू चक्की त्यानेच हाताने ओढली.

सरिताचं लक्ष वेगळीकडेच गेलं होतं. ती अंगणवाडीत पोरांना वजनकाट्यात टाकणारी बाई. "तुझ्या बापाच्या पँटी मी दोनदा आत घेतल्या," तिने रुचिताला स्वयंपाकघरात सांगितलं. "जेवते तर पोटभर. तुमसरच्या डॉक्टरनं रक्त, लघवी, फोटो, सगळं पायलं. म्हणते काही नाही. कामाचा ताण असेल."

"मग अंगारा आणायचा का कोणाकडून?" रुचिताने मुद्दाम चिडवलं.

"आपल्या घरात ते चालत नाही, तुले माहीत हाय," सरिता म्हणाली. हसली मात्र नाही.

त्याच आठवड्यात जनाबाई डब्याचं झाकण विसरून गेली आणि रुचिता ते द्यायला तिच्या घरी गेली. जनाबाई चुलीपुढे पोळ्या टाकत होती. "बस. गरम पोळी खाऊन जा. भाजी नाही, पण तुमच्या पिठाले भाजी लागतच नाही वो आता. माही नातवंडं कोरडीच खातात." तिने पोळी हातावर ठेवली. "आधी असं नव्हतं. आता कसं, ओळखीचं लागते. कोणाच्या तरी घरचं."

रुचिताच्या घरी भात. पोळी सणावारीच. तिने तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावता चावता थांबली.

गोड होतं. आणि त्या गोडात वास होता. कडुनिंबाच्या साबणाचा, पट्ट्याच्या रबराचा, घामाने ओल्या दुपट्ट्याचा. लहानपणी ताप आला की बाबा खांद्यावर घेऊन दवाखान्यात जायचे, तेव्हा तोंड ज्या मानेत खुपसलेलं असायचं, त्या मानेचा.

"काय झालं वो? कच्ची राहिली का?"

रुचिताने घास गिळला नाही, थुंकलाही नाही. तो तसाच गालात धरून ती चक्कीपर्यंत पळत आली.

"बाबा, काट्यावर उभे राहा."

"काहून? मले दळतेस का?"

"उभे तर राहा."

सुगत हसत उभा राहिला. हा माणूस एकेकाळी दीड कट्टा, म्हणजे पंचाहत्तर किलो भरायचा, त्याची गंमतही तो स्वतःच करी. आज काट्याने एक कट्टाही दाखवला नाही. सुगतचं हसू काट्याकडे बघता बघता विझलं.

रुचिता पोत्यावर बसली, त्याच पोत्यावर जे कधी उघडावं लागलं नाही. वजन हवेतून येत नाही, हे दहावीतच शिकवतात. आधी जे उडायचं ते आता चक्कीच गिळते, आणि तरी डबा पूर्ण भरतो, तर ती भर कुठून तरी निघते. चक्कीला मूठ हवीच होती. दाण्यांची बंद झाली, तर तिने जी हाताशी होती ती घेतली. रोज थोडी थोडी. आणि तीन महिने सगळं गाव तिच्या बापाला पोळी करून खात होतं.

तिने सांगितलं तेव्हा सुगतने वेड्यात नाही काढलं. तो कापलेल्या बोटावरून अंगठा फिरवू लागला.

"चक्की बंद करू," ती म्हणाली. "नाही तर ते वाक्य खोडते मी."

"खोडून काय होते? वाक्य भिंतीवर नाही आता, लोकांच्या डोक्यात हाय. अन् बंद करून खावं काय? तुही आई एकटी किती ओढंल?" मग हळूच म्हणाला, "रांग पाहून बरं वाटते वो, पोरी. माह्या बाबाच्या टायमालेही एवढी नव्हती."

हे ऐकून तिला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. चक्की घेत होती आणि तो देत होता, राजीखुशीने. असा तर तो शेवटच्या मुठीपर्यंत देत राहिला असता.

सकाळी ती कॉलेजला गेली नाही. ओट्यावर रांग लागली, पुढे जनाबाई, डोक्यावर डबा. सुगतने डबा घ्यायला हात पुढे केले, हात कसले, काटक्याच. रुचिता मध्ये आली. तिने डबा खाली ठेवला, त्यात हात घातला आणि मूठ भरली.

"ही चक्कीची," ती मोठ्याने म्हणाली.

रांगेत कुजबुज झाली. भिंतीवर काय लिहिलं हाय ते वाच, कोणीतरी मागून म्हणालं. बाप इमानदार आन पोरगी चोर, दुसरं म्हणालं. रुचिताचे कान तापले, पण मूठ उघडली नाही.

"मीच लिहिलं होतं ते. चूक लिहिलं. आमाले काही राहिलं नाही तर आमी राहत नाही." तिने जनाबाईकडे पाहिलं. "आजी, तुमी म्हणता ना पीठ ओळखीचं लागते. कोणाचं लागते, ते पाहा ना एकदा."

जनाबाईने सुगतकडे पाहिलं. रोजच पाहत होती, पण तो डबा परत देताना, त्यामुळे डब्याकडेच जास्त. आता तिची नजर त्याच्या गळ्यावरून खाली आली, ढगळ सदऱ्यावरून, मनगटावरून. तिचा हात नकळत तोंडावर गेला आणि ओठांवरून फिरला, जसं काही लागलंय आणि पुसायचंय.

"घे," ती म्हणाली. गावातली सगळ्यात लांब जीभ, आणि एवढंच बोलली. मग म्हणाली, "दोन घे."

"एकच," रुचिता म्हणाली, आणि मूठ पेटीत टाकली.

चक्की सुरू झाली. आवाज वेगळा आला, जाडाभरडा, जुना. पहिला डबा संपता संपता सुगतला खोकला आला, आणि तो खोकत खोकत दाराशी आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. पीठ उडत होतं. रुचिता त्या धुराळ्यात उभी राहून बघत राहिली, डोळे चुरचुरले तरी.

काट्यावर डबा कमी भरला. रांगेतले निम्मे लोक तिथूनच आपले डबे उचलून टेकचंदकडे गेले. भिंतीवरचं वाक्य तिने चुन्याने पुसलं आणि नवं लिहिलं: एक मूठ चक्कीची, बाकी सगळं तुमचं. खाली जागा उरली होती म्हणून बारीक अक्षरांत नफा हा शब्दही लिहिला. इतका वाईट नाही दिसला.

पावसाळ्यापर्यंत सुगतचं वजन कट्ट्याच्या वर गेलं. दगडांना टाकी लागली. जास्तच कुरकुरणारी गिऱ्हाइकं सोडून रांग अर्धी का होईना परत आली. सरिताने एक पँट उसवली, दुसरी अजून तशीच ठेवली आहे.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी थांब्यावर पावसाचं पाणी साचलं होतं, म्हणून रुचिता शाळेच्या वळणावर बसची वाट पाहत होती. समोर टेकचंदची चक्की, डब्यांची रांग थेट शाळेच्या फाटकापर्यंत. भिंतीवर ताज्या लाल रंगात लिहिलेलं: जेवढं आणाल तेवढं न्याल. एक दाणाही कमी नाही.

टेकचंद दारात उभा होता. चक्की भर वेगात चालू, आणि त्याचा काळा सदरा स्वच्छ, फरशी स्वच्छ, पंख्याची पाती स्वच्छ. तो कमरेचा पट्टा ओढून एक भोक आत घेत होता.

"काय वो सुगतची," तो हसून म्हणाला, "आपलं वाक्य पाहून राहिली का? लय चालते बरं. तुमाले नाही झेपलं."

बस आली. कंडक्टरने दार वाजवलं. रुचिताने एक पाय पायरीवर ठेवला, मग खाली घेतला, आणि रस्ता ओलांडून थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "तुमचा काटा कुठं हाय? एकदा उभे राहा त्याच्यावर."